हिरड्याची मातृवृक्ष-वही : प्रकल्प नोंदी, नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२४

१९ नोव्हेंबर २०२२, शनिवार

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात एका गावाला सामूहिक वनहक्काखाली मिळालेल्या उतारावर हिरडा लावायचा आणि त्याची रोपे आम्ही पुण्यात, बावधनच्या रोपवाटिकेत वाढवून द्यायची, असे आज गावच्या बैठकीत नक्की झाले. रोपवाटिका गावातच असावी अशी आमची पहिली इच्छा होती. परंतु पावसाळ्यात जिथे धो धो पाऊस कोसळतो तिथेच एप्रिल-मे महिन्यांत प्यायच्या पाण्याची ओढ असते, आणि नेमके तेच दोन महिने रोपांना पाणी लागते.

या भागात हिरड्याला तोटा नाही. बांधावर, मालकीच्या रानात, वस्तीच्या मागे, सगळीकडे जुनी भरदार झाडे उभी आहेत. मात्र त्यांच्याखाली मनगटाएवढ्या जाडीचे तरुण झाड शोधावे लागते, आणि गुडघ्याएवढे रोप तर आज दिवसभरात क्वचितच दिसले. चराई आणि वणवा ही दोन कारणे आहेतच, पण मोठे कारण बाळहिरडा हे आहे. फळ कोवळे असताना, आतली बी टणक होण्याआधी, एप्रिल-मेमध्ये ते तोडून वाळवले जाते आणि विकले जाते. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावातला हिरडा गेला तेव्हा त्याच्या भरपाईसाठी लोकांना आंदोलने करावी लागली, इतका हा पैसा इथल्या घरांना महत्त्वाचा आहे. त्यामुळे तोडणी बंद करा, असे सांगायला आम्ही आलेलो नाही.

तोडणी कसून झाली की पिकलेले फळ राहते ते फक्त शेंड्यावर किंवा अडचणीच्या झाडावर. म्हणजे पुढची पिढी जन्मलीच तर ती मोजक्या झाडांची असते. जुनी झाडे उभी असेपर्यंत हे नुकसान कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, कारण त्या झाडांमधले जनुकीय वैविध्य शंभर वर्षांपूर्वीच्या जंगलाने दिलेले आहे. आजच्या कारभाराचा हिशेब नव्या रोपांमध्ये दिसतो, आणि इथे तीच नाहीत.

२७ नोव्हेंबर २०२२

मातृवृक्ष, म्हणजे ज्यांचे बी घ्यायचे ती झाडे, निवडायला सुरुवात केली. लक्ष्य किमान ३० झाडांचे ठेवले आहे. हा आकडा हौसेखातर घेतलेला नाही. एखाद्या जनुकाचे एखादे रूप समूहातल्या त्या जनुकाच्या प्रतींत शेकडा ५ इतकेच आढळत असेल, तर (प्रत्येक झाडात दोन प्रती धरून) परस्परांशी नाते नसलेल्या ३० झाडांमध्ये ते निदान एकदा तरी असण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के येते. १० झाडे घेतली तर ती ६४ टक्क्यांवर उतरते आणि ५ झाडे घेतली तर ४० टक्क्यांवर. या मातांच्या बियांत इतर झाडांचे परागही आलेले असतात, म्हणून प्रत्यक्षातली स्थिती थोडी बरी निघते. पण त्या भरवशावर कोणी १० झाडांवर थांबू नये.

दोन झाडांत किमान १०० मीटर अंतर ठेवायचे, कारण शेजारची झाडे बहुधा एकाच आईची लेकरे असतात. मोबाइलवर ठिकाण नोंदवून अंतर तपासत गेलो. दाट रानात मोबाइल वीस-तीस मीटर इकडे तिकडे दाखवतो, म्हणून काठावरच्या जोड्या पावलांनी मोजून घेतल्या.

‘चांगले’ झाड कशाला म्हणायचे, यावर आमच्यातच वाद झाला. सोबतच्या एका निवृत्त वनपालांचे म्हणणे असे की सरळ खोडाची, भरघोस फळणारीच झाडे घ्यावीत. रोपवनासाठी सागाची बीजवृक्ष-निवड त्यांनी आयुष्यभर तशीच केलेली आहे. इमारती लाकडासाठी ते योग्यही आहे. आमचे काम निराळे आहे. उतारावर उद्या काय येईल, कमी पाऊस की नवी कीड, हे ठाऊक नसताना एकाच गुणावर चाळणी लावली तर बाकीचे गुण नकळत गळतात. निवडक तोडीच्या काळात जंगलातून उलट्या बाजूने हेच घडत आले: सरळ, जाड झाडे आधी कुऱ्हाडीखाली गेली आणि बी धरायला वाकडी-तिकडी मागे उरली. शेवटी रोगट आणि किडलेली झाडे तेवढी वगळायची आणि बाकी सर्व प्रकारची घ्यायची, असे ठरले. आज अखेरीस यादीत ३३ झाडे आहेत, ह-१ ते ह-३३.

४ डिसेंबर २०२२

यादी ३१ वर आली. ह-१४ आणि ह-१५ ही एकमेकांपासून दोन हातांवर असलेली झाडे यादीत दोन क्रमांकांनी कशी शिरली, हे पाहायला गेलो, कारण अंतराच्या नियमातच ती बसत नव्हती. दोन वेगवेगळ्या गटांनी ती वेगवेगळ्या दिवशी नोंदवली होती, हा घोटाळ्याचा अर्धा भाग. उरलेला अर्धा बुंध्याशी पालापाचोळा बाजूला केल्यावर दिसला. दोन्ही खोडे जमिनीलगत एका जुन्या, काळवंडलेल्या खुंटाच्या कडांवरून निघालेली होती. मधला भाग कुजून तिथे खळगा झाला होता आणि त्यात मातीसोबत मुंग्यांचे वारूळ होते. पूर्वी कधीतरी हे झाड तोडले गेले आणि खुंटावर फुटवे आले. आज दिसतात दोन झाडे, जनुकांच्या हिशेबाने मात्र झाड एकच आहे.

मग संपूर्ण यादीचे बुंधे तपासले, तेव्हा आणखी एक अशी जोडी सापडली. त्यांच्यातले अंतर तर चांगले सहा-सात फूट होते. पण मधली माती उकरल्यावर खुंटाचा कडा लागला.

तोडीनंतर खुंटावरून येणारी फूट तशी वाईट नाही. जुने झाड मरत नाही, त्याची जनुके जंगलात टिकतात. पण कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) पाडून वारंवार तोड आणि फूट एवढेच होत राहिले, तर नव्या बियांची पिढी येतच नाही, आणि खोडे मोजून जंगल दाट आहे असे म्हणणारा माणूस फसतो. हे काम हाती घेणाऱ्याने खुरपे सोबत ठेवावे. पालापाचोळा न हलवता मातृवृक्ष मोजू नये.

१८ डिसेंबर २०२२

फळे गोळा केली. परवानगीचा प्रश्न येऊ नये म्हणून भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीला हात न लावता फक्त मालकीच्या आणि सामूहिक हक्काच्या जमिनीवरचीच झाडे घेतली होती. ज्याचे झाड त्या घराला विचारून, आणि फळांचा मोबदला देऊन.

तीन झाडांवर पिकलेले फळ उरलेलेच नव्हते, सगळे बाळहिरड्यात गेले होते. त्यामुळे २८.

गोळा करताना मोह असा होतो: ह-७ हे रस्त्यालगतच्या बांधावरचे एकटे झाड आहे, फांद्या खाली आलेल्या, फळांनी लगडलेले. अर्ध्या तासात पोते भरते. उलट ह-२२ कड्याच्या बाजूला आहे. तिथे चढून जाण्यात सकाळ गेली आणि हाती पिशवीभर फळे आली. मजुरी दोन्हीकडे सारखीच. बी विकत घेणाऱ्या कोणत्याही रोपवाटिकेत ह-७ सारख्या झाडांचेच बी का येते, हे यावरून कळते; किलोवर पैसे दिले की माणूस जवळच्या झाडाकडे जाणार. म्हणून आम्ही किलोवर दर ठेवला नाही, झाडावर ठेवला: क्रमांक लिहिलेल्या पिशवीत ठरलेल्या मापाएवढी फळे आणली की त्या झाडाचे पैसे. गावातल्या पोरांनी हा दर दिल्यावर अवघड झाडे आधी उरकली.

८ जानेवारी २०२३

हा दिवस वाया गेला आणि तीन माता हातच्या गेल्या.

फळांचा गर काढायला ती पाण्यात भिजत घातली होती. प्लॅस्टिकच्या बादल्या कमी पडल्या म्हणून काही लॉट, म्हणजे एकेका झाडाच्या फळांचे वेगळे गट, लोखंडी घमेल्यांत गेले. हिरड्यात टॅनिन भरपूर. ते लोखंडाला लागले की पाणी शाईसारखे काळे होते, आणि जुन्या काळी शाई करण्याची एक रीत हीच होती. सकाळी पाहिले तर घमेल्यांतले पाणी काळेभोर, आणि त्यात सोडलेल्या कापडी चिठ्ठ्याही तितक्याच काळ्या. क्रमांक मार्करने लिहिलेले होते, काळ्यावर काळे. रात्री कोणीतरी घमेली सावलीला सरकवली होती, त्यामुळे जागेवरूनही ओळख पटेना.

तीन मातांचे बी ‘मिश्र’ म्हणून वेगळे ठेवले. ते फेकायचे नाही, पण वहीत त्याला क्रमांक नाही. आता २५ माता.

दुरुस्ती: शीतपेयांच्या ॲल्युमिनियमच्या डब्यांच्या पट्ट्या कापल्या, त्यांवर खिळ्याने क्रमांक टोचला आणि नायलॉनच्या दोऱ्याने बांधल्या. लोखंडी तार वापरू नये. तीही काळी पडते आणि गंजून तुटते. प्रत्येक लॉटमध्ये दोन पट्ट्या टाकायच्या, एक आत आणि एक बाहेर. खर्च जवळजवळ शून्य, आणि हे पहिल्या दिवशीच करता आले असते.

२२ जानेवारी २०२३

बी धुऊन पाण्यात सोडले आणि तरंगलेले बाजूला काढले. बहुतेक लॉटमध्ये तरंगणारे बी बऱ्यापैकी होते, पण ह-७ चे पाहून सगळेच गप्प झाले: पोतेभर फळांतून बुडालेले बी ओंजळभर. काही फोडून पाहिले तर कवच जाड, टणक, आणि आत पोकळी. एकट्या झाडाला पराग मिळतो तो फार थोड्या झाडांचा, किंवा स्वतःचाच. त्यातून बी पोकळ राहणे किंवा रोप खुरटे निघणे, हे अनेक वृक्षजातींत दिसते. एका झाडावरून निष्कर्ष काढू नये हे मान्य. पण आसपासचे जंगल साफ करून ‘बियांसाठी’ म्हणून एखादे मोठे झाड राखण्याची जी पद्धत सगळीकडे आढळते, तिच्यातला धोका ओंजळीत धरून पाहिल्यासारखा झाला.

बुडालेल्या बियांचे रुंद टोक पक्कडीने अलगद कातरले आणि बी दीड दिवस पाण्यात ठेवले. आतल्या गर्भाला धक्का लागता कामा नये. एकाला हात बसेपर्यंत बरेच बी वाया जाते, म्हणून सराव ‘मिश्र’ लॉटवर करून घेतला.

१२ फेब्रुवारी २०२३

पेरणी. प्रत्येक मातेचे ६० बी, स्वतंत्र वाफ्यात. ह-७ चे मिळाले तेवढे २२. एकूण १,४६२. जास्त बी असलेल्या मातांचे उरलेले बी पेरले नाही, आणि यावरून मदतनिसांशी कुरबूर झाली, कारण जागा होती, पिशव्या होत्या आणि बीही होते.

त्यांना कागदावर एक उदाहरण करून दाखवले. समजा २० मातांची रोपे आहेत, पण त्यातली निम्मी रोपे एकाच मातेची, आणि उरलेल्या १९ जणींची मिळून निम्मी. प्रत्येकीच्या वाट्याचा वर्ग करून बेरीज केली आणि एकाला तिने भागले, की परिणामी किती मातांएवढे वैविध्य आहे ते निघते. इथे उत्तर येते ३.८. म्हणजे वहीत २० नावे आणि प्रत्यक्षात चार माता असल्यासारखे जंगल. चार मातांचे रोपवन आणि वीस मातांचे रोपवन दिसायला सारखेच हिरवे असते.

१९ मार्च २०२३

उंदरांनी दोन वाफे उकरले. वर बारीक जाळी ठोकली.

१४ मे २०२३

उगवण अजून चालूच आहे. कातरलेले बी असूनही काही मातांची रोपे महिन्यात वर आली तर काहींची आत्ता डोके काढत आहेत. ह-१९ ची ४७ उगवली, ह-४ ची सहा.

पिशव्या भरताना पोयटा, शेणखत आणि वाळू घेतली. पहिल्या खेपेच्या पिशव्या आखूड निघाल्या. हिरड्याचे सोटमूळ तळाशी जाऊन वळते, आणि वळलेले मूळ उतारावर झाडाला कधीच नीट धरत नाही. लांब पिशव्या आणल्या. हा खर्च दुप्पट पडला आणि पुन्हा भरण्यात मे महिन्याचा मोठा भाग गेला.

इथे एक खबरदारी घेतली. पिशवीत बदल करताना उगवलेली रोपे आधी आणि उशिरा उगवणारी नंतर, या घाईत सहसा असे होते की जूनच्या सुरुवातीला ‘झाले एकदाचे’ म्हणून वाफे मोडले जातात आणि उशिरा येणाऱ्या बियांचा निकाल लागतो. उशिरा रुजणे हाही वारशाने येणारा गुण असू शकतो. पहिला पाऊस फसवा निघाला तर तेच बी वाचते. म्हणून वाफे जूनअखेरपर्यंत ओले ठेवायचे ठरवले.

२५ जून २०२३

पाऊस आज पुण्यात खऱ्या अर्थाने सुरू झाला. तोवर हिरव्या जाळीखाली दिवसातून दोनदा पाणी द्यावे लागले आणि टँकरचा खर्च अंदाजाबाहेर गेला. आज अखेर रोपे ६११. वाफे मोडायचे लांबवल्यामुळे जून महिन्यातच ह-४ आणि ह-३० यांना थोडी भर मिळाली. आता ह-४ ची सात.

१७ सप्टेंबर २०२३

ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला. देशभरातच तो १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला आहे. ह-४ ची दोन रोपे गेली, आणि ह-७ ची पाहता पाहता दोनच उरली.

आजची नोंद मात्र पावसाची नाही. सकाळी पोचलो तेव्हा हौसेने आलेल्या मंडळींनी रोपांची उंचीप्रमाणे प्रतवारी करायला घेतली होती. उंच पुढे, मध्यम मागे, आणि बुटकी ‘काढून टाकायची’ म्हणून भिंतीशी. कुठल्याही रोपवाटिकेत असेच करतात, आणि लावणीला ४०० रोपेच हवी असल्याने ते शहाणपणाचेही वाटते. सुदैवाने पिशव्यांवर पट्ट्या होत्या. उंच ४०० रोपे घेतली तर कोणाच्या वाट्याला किती येतात ते लगेच मोजले, तेव्हा परिणामी मातांची संख्या १३ च्या आसपास उतरत होती, आणि सहा माता तर पूर्णपणे भिंतीशी गेल्या होत्या. पहिल्या वर्षाची उंची बरीचशी बियांच्या आकारावर आणि उगवण्याच्या तारखेवर असते. ज्यांचे बी लहान आणि उशिरा रुजले त्यांना पिशवीत हरवून आपण निवड केली असे म्हणणे खरे नाही.

नियम असा केला: छाटणी करायची ती एकाच मातेच्या रोपांमध्ये. ह-१९ च्या ४७ मधून दुबळी काढा, ह-२२ मधून तिची दुबळी काढा. ह-१९ ला ह-२२ शी लावून पाहू नका. प्रत्येकीची जास्तीत जास्त १८ रोपे. जिची कमी आहेत तिची सगळी, अगदी वाकडी असली तरी. या नियमाने २० मातांची १८ प्रमाणे ३६०, आणि उरलेल्या पाच जणींची मिळून ४० रोपे होतात: १३, १२, ८, ५ आणि २. याच सूत्राने परिणामी माता २३.२ येतात. त्याच रोपवाटिकेत, त्याच खर्चात, फक्त कोणती पिशवी उचलायची एवढ्या फरकाने १३ चे २३ झाले.

२१ जानेवारी २०२४

प्रत्येक मातृवृक्षाचे पान सिलिका जेलमध्ये वाळवून, क्रमांकासह हवाबंद पाकिटात ठेवले. डीएनए तपासणी आम्हाला आज परवडत नाही. ती झाली तर बापांचा, म्हणजे परागाचा आणि स्वपरागणाचा पत्ता लागेल; वहीत फक्त आईकडची बाजू आहे. पाने वाळवायला पैसे लागत नाहीत आणि झाड पुढेमागे पडले तरी नमुना राहतो.

वेताळ टेकडीवर लावायला उरलेली रोपे देता का, अशी विचारणा पुण्यातून आली. नाही म्हटले. पुणे शहरात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्या मातांच्या गावी त्याच्या कितीतरी पट. तिथल्या हवेत घडलेले बी इथल्या मुरमाड माथ्यावर जगवण्यात ना टेकडीचा फायदा ना हिरड्याचा. टेकड्यांवर आधीच गिरिपुष्पाची गर्दी आहे. फांदी खोचली तरी जगणारे ते झाड, त्यामुळे एकाच झाडाच्या कितीतरी प्रती उभ्या करणे सोपे. लोक हिरवळ बघून समाधानी होतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पण आपली रोपे त्या कामाला द्यायची नव्हती.

२१ एप्रिल २०२४

गावात बाळहिरड्याचा हंगाम सुरू झाला आहे. आज बैठक घेतली, आणि सगळ्या कामातली सर्वात उपयोगी गोष्ट आज ठरली, तीही आमच्या डोक्यातून निघालेली नाही.

आमचा प्रस्ताव असा होता की गावाने दोन-तीन मोठी झाडे न तोडता राखावीत, म्हणजे पिकलेले बी मिळत राहील. त्यावर एका मावशींनी विचारले, “मग त्या झाडाच्या घरानंच सगळा तोटा सोसायचा का? त्यापेक्षा सगळ्यांनी आपापल्या झाडाची एकेक फांदी सोडावी.” त्यांचा मुद्दा घरांमधल्या न्यायाचा होता. पण जनुकांच्या हिशेबानेही नेमके तेच बरोबर होते. तीन झाडे पूर्ण राखली तर बी तीन मातांचे. तीस झाडांची एकेक फांदी राखली तर सोडलेला माल साधारण तितकाच, आणि माता तीस. वनव्यवस्थापनाच्या आराखड्यांत ‘बीजवृक्ष राखणे’ असे कलम असते, त्याऐवजी ‘बीजफांदी राखणे’ असे कलम निदान हिरड्यासाठी तरी असावे, असे मला वाटते.

एका आजोबांनी भर घातली की फांदी वरच्या बाजूची ठेवू नका, पोरे चढून पडतील. आणि सगळ्या झाडांचा बहर एकदम येत नाही, मागास झाडाचीही धरा. हे दुसरे वाक्य फार मोलाचे आहे. सागाच्या कलमी बीजबागांमध्ये निवडलेली झाडे एकाच वेळी फुलत नाहीत म्हणून बी कमी धरते आणि जे धरते त्यात मोजक्याच झाडांचा वाटा असतो, ही जुनी अडचण आहे. फक्त लवकर फुलणारी झाडे धरली तर इथेही तेच होईल.

राखीव फांदीला पिवळी नायलॉन पट्टी बांधायची, असे ठरले. पट्ट्या आम्ही द्यायच्या, बांधायच्या घरच्यांनी.

६ आणि ७ जुलै २०२४

लावणी. पहिल्या दिवशी टेम्पोतून रोपे मातेप्रमाणे उतरली आणि लावणाऱ्यांनी ज्या क्रमाने हाती आली त्या क्रमाने ओळीने लावली. दुपारी लक्षात आले तेव्हा चार ओळी लागून झाल्या होत्या: एक पूर्ण ओळ ह-१२ ची, दुसरी ह-१९ ची, अशा. सख्ख्या-सावत्र बहिणी शेजारी शेजारी. ही झाडे फुलायला लागतील तेव्हा मधमाश्या आणि माश्या जवळच्या झाडावरच आधी जाणार, आणि धरणारे बी नात्यातले असणार. उपटून पुन्हा लावले असते तर मुळे दुखावली असती, म्हणून त्या ओळी नकाशावर लाल खुणेने नोंदवल्या. पुढे विरळणी करायची वेळ येईल तेव्हा पहिली तिथूनच करायची.

दुसऱ्या दिवशी लावणाऱ्यांना काही समजावत बसलो नाही. टोमॅटोचे रिकामे क्रेट आणले आणि प्रत्येक क्रेटमध्ये उरलेल्या प्रत्येक मातेचे एकेकच रोप भरले. माणसाने क्रेट उचलायचा आणि रिकामा होईपर्यंत चालत लावत जायचे. आपोआप सरमिसळ झाली आणि लावणीचा वेगही कमी झाला नाही. भरायला मात्र आदल्या रात्रीचे चार तास आणि चार माणसे लागतात. तेवढे धरून चालावे.

२८ जुलै २०२४

२५ तारखेच्या अतिवृष्टीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांत पाणी शिरले, तेव्हा घाटमाथ्याकडे जाता आलेच नाही. गावातून फोटो आले आहेत. उताराच्या खालच्या कोपऱ्यात पाणी तुंबले आहे. दगडी आळी वाहून गेलेली नाहीत.

२० ऑक्टोबर २०२४

जिवंत रोपांची मातेप्रमाणे मोजणी केली. ४०० पैकी ३३१ जगली, ६९ गेली. खालच्या पाणथळ कोपऱ्यात सर्वाधिक मर आहे. पहिल्या दिवशीची ह-१२ ची ओळ नेमकी त्या कोपऱ्यात होती; तिची १८ पैकी ११ रोपे गेली. क्रेटने लावलेल्या भागातही त्याच कोपऱ्यात रोपे मेली, पण तिथे नुकसान सगळ्यांमध्ये वाटले गेले आणि बहुतेक मातांची दोन-तीनच गेली. एखादी माता पूर्ण नाहीशी झालेली नाही. ह-७ चे एक रोप आहे, ह-४ ची चार.

पुढच्या जूनमध्ये नांगे भरायचे आहेत, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायची आहेत. बावधनला जी रोपे शिल्लक आहेत त्यात ह-१९ ची सर्वात जास्त आणि सर्वात देखणी आहेत, आणि सगळ्यांची नजर साहजिकच त्यांच्याकडे जाते आहे. ती घ्यायची नाहीत. आधी ह-१२ ची शिल्लक रोपे, आणि तरीही जागा उरली तर ‘मिश्र’ लॉट. पाणथळ कोपऱ्यात हिरडा पुन्हा लावायचा नाही; तिथे गावाने जांभूळ सुचवले आहे, आणि जांभळाच्या बियांसाठी नवी वही लागेल.

खर्चाचा अंदाज मागणाऱ्यांसाठी: सर्वात मोठा भाग पुणे ते गाव या गाडीभाड्याचा आणि मजुरीचा, त्यानंतर पिशव्या व पाणी. मातेप्रमाणे वेगळे ठेवण्याचा म्हणून जो जादा खर्च झाला तो पट्ट्या, जास्तीचे वाफे आणि क्रेट एवढाच. पैशापेक्षा त्यात वेळ अधिक जातो. वही एकाच माणसाने लिहावी आणि तिचा दर रविवारी फोटो काढून ठेवावा.

पिवळ्या पट्ट्यांच्या फांद्यांपैकी बऱ्याच राखल्या गेल्या आहेत, काही तोडल्याही आहेत. डिसेंबरमध्ये फळ उतरवताना ह-४ आणि ह-२२ आधी करायच्या, आणि गेल्या वेळी फळ न मिळालेल्या त्या तीन झाडांवर या वर्षी पट्टी आहे, तीही विसरायची नाहीत.